तीन लाइनबॅकरच्या जागी दोन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वसंतात मी रागावले नाही असा एक दिवस गेला नाही. कोचवर रागावले, क्लबवर रागावले, केक आणणाऱ्या आयांवर रागावले, सासूबाईंवर तर व्हिडिओ कॉलवर रागावले. आणि हे सगळं माझ्या मुलीच्या एका जागेसाठी. जागा म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरची, लाइनबॅकरची.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. न्युरेम्बर्गच्या बाहेर, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक फेराइन आहे, म्हणजे गावाचा क्लब. त्याच्या बायकांच्या संघात ती वर्षभर खेळत होती. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या मुली पियानो शिकतात, भरतनाट्यम शिकतात, फार तर टेनिस. माझी मुलगी हेल्मेट घालून लोकांना धडका देते. जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलवर गेलो की कुणीतरी काका हातात चहा घेऊन विचारणारच, "अभ्यासाचं काय मग?" जणू धडक दिल्यावर गणित डोक्यातून सांडतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उद्या नाक मोडलं तर?" मी म्हटलं, "अहो आई, मोडलं तर बसवू. इथे इन्शुरन्स आहे." त्यांनी फोन मुलाकडे द्यायला सांगितला.

हा खेळ आपल्याकडे कुणाला कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. बचाव करणाऱ्यांची पहिली रांग समोरच्यांच्या अंगावर थेट जाते, ती दणकट माणसं. अगदी मागे असतात त्या पळणाऱ्या, लांबवर फेकलेला चेंडू अडवायला. या दोघांच्या मधे उभी असते लाइनबॅकर. तिने अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं, पुढे जायचं की मागे हटायचं. मी कॉलेजात दोन वर्षं कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यावर. तिथे आपण चढाई करणारीच्या पायांकडे बघतो. इथे लाइनबॅकर बघते समोरच्या गार्डकडे. गार्ड म्हणजे त्यांची अडवणारी. ती पुढे आली तर समोरचे चेंडू घेऊन पळणार, मागे सरकली तर चेंडू फेकणार, आणि ती रांग सोडून आडवी पळत सुटली तर चेंडू बहुतेक त्याच बाजूला चाललाय.

शनिवारी संध्याकाळी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने बघायची. मांडीवर वही, हातात पेन. आधी मी नुसती शेजारी बसून भाजी निवडायची. मग विचारायला लागले. तिने एकदा जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे आणि काबुली चणे मांडून मला सगळं समजावलं. शेंगदाणे म्हणजे पुढची रांग, चणे म्हणजे लाइनबॅकर. चार शेंगदाणे, तीन चणे, ही एक पद्धत. यात मधला चणा म्हणजे राणी. सगळ्यांना खुणा तीच देते, आणि गार्ड आडवी पळाली की तीही लगेच तिच्या मागे सुटते, कारण तिने सोडलेली जागा बघायला तिसरा चणा मागे असतो. मग तिने एक शेंगदाणा खाल्ला आणि एक चणा वाढवला. तीन-चार. यात बाहेरचे दोन चणे बहुतेक वेळा समोरच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन तो द्यायचा की फेकायचा हे ठरवणारीच्या, अंगावर धावून जातात, आणि आतल्या दोघांना जाडजूड गार्डची टक्कर स्वतः घ्यावी लागते. त्याला वजन लागतं. मग तिने शेंगदाणा परत ठेवला आणि दोन चणे उचलले. चार-दोन-पाच, पाच म्हणजे मागच्या पळणाऱ्या. समोरचे लोक आता पाच-पाच जणांना मैदानभर पसरवतात आणि चेंडू फेकत सुटतात, म्हणून बऱ्याच कॉलेजांनी एक लाइनबॅकर बसवली आणि मागे एक पळणारी वाढवली.

"म्हणजे लाइनबॅकर असणं ही एक गोष्ट नाहीच, आई," ती म्हणाली. ती बोलते जर्मनमध्ये, मी उत्तर देते मराठीत, आमचं असंच चालतं. "एका कॉलेजात जो स्टार आहे तो दुसऱ्या कॉलेजात बेंचवर बसेल. माणूस तोच. कुठल्या पद्धतीत बसवता त्यावर आहे सगळं."

हे ऐकून मला खरं तर काहीतरी शिकायला हवं होतं. मी काय शिकले, तर चार-तीन. तिच्या संघात तेव्हा तीच पद्धत होती आणि मधला चणा माझी मुलगी होती, म्हणून ती पद्धत मला आवडली. त्यावर मी व्हिडिओ पाहिले, लेख वाचले, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागदावर आकृत्या काढल्या. मी हेर्त्सोगेनआउराखला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट हातात घेतली की ती सोडायची नाही, ही तिथली सवय. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले आणि मिरवायला लागले.

मग जुने कोच गेले आणि नवे आले. पन्नाशीचा अमेरिकन माणूस. स्वतः कॉलेजात लाइनबॅकर होता, मग सैन्यातून इकडे आला, इथेच लग्न केलं, इथेच राहिला. जर्मन बोलताना प्रत्येक शब्द च्युइंगमसारखा ताणतो. पहिल्याच पालकांच्या सभेत त्याने फळ्यावर चार-दोन-पाच काढलं. म्हणाला, आमच्या गटातले सगळेच संघ आता चेंडू फेकतात, तीन लाइनबॅकर ठेवून चालणार नाही. एक जागा त्याने तिथेच देऊन टाकली, पोलिसात शिकाऊ असलेल्या एका ताकदवान मुलीला. दुसऱ्या जागेसाठी दोघी होत्या. माझी मुलगी, आणि बेकरीत आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिक्षण, घेणारी एक उंच, शांत मुलगी. "घरच्या मैदानावरच्या दुसऱ्या सामन्यानंतर ठरवेन," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर जी मधे उभी राहिली तिला आता परीक्षा? मी हात वर केला आणि माझ्या जर्मनमध्ये जितका रोखठोकपणा बसतो तेवढा सगळा काढला. "तिघी चांगल्या असताना दोघींनीच का खेळायचं? पद्धत माणसांसाठी की माणसं पद्धतीसाठी?" मुलगी बुटांकडे बघत होती. कोच मात्र चिडला नाही. त्याने फळ्यावर बाण काढून मलाच समजावायला सुरुवात केली. दोघीच असल्या की नियम बदलतो, गार्ड जिच्या बाजूला पळेल ती लाइनबॅकर जाईल, आणि दुसरीने, म्हणजे लांबच्या बाजूच्या लाइनबॅकरने, एक श्वासभर जागेवर थांबायचं, कारण क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून मोकळ्या बाजूने येऊ शकते. असं काहीतरी तो सांगत होता. मी ऐकलं नाही. मी पुढचा प्रश्न जुळवत होते.

आता साखळीचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. फेराइनमध्ये नुसती वर्गणी भरून भागत नाही, प्रत्येक घराने ठरलेले तास काम करायचं असतं. आर्बाइट्सश्टुंडेन. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, पण वेळापत्रकानुसार आणि सही घेऊन. बायकांना बहुतेक वेळा केक येतो. यादी लावणाऱ्या बाईने मला न विचारताच माझ्यापुढे "समोसे" लिहून ठेवलं होतं. माझ्या आयुष्यात मी समोसे केलेले नाहीत, आमच्या अमरावतीला ते कोपऱ्यावर मिळतात. मी तो शब्द खोडला आणि साखळीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मैदानाच्या कडेला तीन-चार पालक उभे असतात, दोघांच्या हातात दहा यार्डांची साखळी, आणि एकाच्या हातात उंच दांडा, वर आकडा, कितवी संधी चालू आहे ते दाखवणारा. तो दांडा माझ्याकडे आला. दांडेवालीने बरोबर चेंडूच्या रेषेत उभं राहायचं असतं. सगळ्या मैदानात इतकं चांगलं कुणाला दिसत नसेल.

पंचाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, साखळीवरची माणसं कुठल्याच संघाची नसतात. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही, खेळाडूंना सूचना तर मुळीच नाहीत. हाताची घडी, तोंडावर बोट, फक्त हातात दांडा. पहिल्या सामन्यात मी ते पाळलं. ओठ चावून चावून सोलून निघाले, पण पाळलं.

दुसरा घरचा सामना मे महिन्यातल्या रविवारी होता. ज्याच्यावर जागा ठरणार होती तो. पहिल्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट दिसली. समोरच्या संघाची एक गार्ड आडवी पळणार असेल तेव्हा खाली वाकताना गवतावर बोटं नुसती टेकवायची. नाही तर सगळं वजन हातावर टाकायची. कडेवरून हे लख्ख दिसत होतं. माझी मुलगी समोर होती, तिच्यापुढे धिप्पाड बायकांची रांग, तिला ती बोटं कशी दिसणार? मी तीन वेळा खात्री केली. मग पुढच्या वेळी बोटं टेकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येतेय गं तुझ्याकडे! गार्ड येतेय!"

मराठीत. मला वाटलं, कुणाला काय कळणार? सुपरमार्केटात आपण लोकांच्या केसांपासून कपड्यांपर्यंत सगळ्यावर खुशाल बोलतो ना, तेच. आणि कबड्डीत तर हे पापच नाही. तिथे बाद होऊन बाहेर बसलेल्या पोरी घसा बसेपर्यंत ओरडत असतात, "बोनस देऊ नको, थांब, आता घे!" आत खेळणारीला ते हवंच असतं. बाहेरचा डोळा म्हणजे आठवा खेळाडू. मी त्याच शिस्तीत वाढले होते. मुलीने एक पाऊल टाकलं, गार्डच्या आधी पोचली आणि चेंडूवालीला जमिनीवर घेतलं. पुन्हा एकदा बोटं टेकली, पुन्हा ओरडले, पुन्हा पकड. दोनदा जमलं. दोन्ही वेळा गार्ड तिच्याच बाजूला पळत होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात येण्यासारखं माझ्या डोक्यात काही नव्हतंच. माझ्या डोक्यात तीन चणे होते.

शेवटची तीन-चार मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी पुढे होतो. त्यांची चौथी संधी, म्हणजे शेवटची. माझ्या दांड्यावर चार. ही एक अडवली की सामना आमचा, आणि जागा तिची, मी मनात म्हणत होते. गार्डची बोटं टेकली. चेंडू खेळात आला. गार्ड पळाली, पण या वेळी माझ्या मुलीपासून लांब, पलीकडे. मुलगी जागेवरच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं उभी काय? गार्ड चालली ना! उचलली जीभ लावली टाळ्याला. "जा तिच्या मागे! जा! पळ!"

ती पळाली. गार्डच्या मागे, पलीकडे, जीव तोडून. आणि क्वार्टरबॅकने चेंडू कुणाला दिलाच नव्हता. तिने तो पोटाशी धरला होता, आणि माझी मुलगी जिथे उभी होती बरोबर तिथून ती पुढे निघाली. रस्ता मोकळा होता. शेवटच्या रेषेपर्यंत तिला कुणी शिवलं नाही. सामना तिथेच गेला.

माझ्या बाजूच्या पंचाने माझ्याकडे बघितलं. "आलेस गूट? सगळं ठीक?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, हो, आलेस गूट. नवऱ्याला हाक मारत होते. गाडी हलवायची होती." नवरा पलीकडे वरच्या बाकावर थर्मास घेऊन बसला होता आणि गाडी नीट जागेवर होती. घरी गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "तू ओरडलीस का गं?" मी म्हटलं, "मी? मला तोंड उघडायची परवानगी आहे का तिथे?" आणि मग त्याच्यावरच चिडले, की तुला मुलीच्या हरण्यापेक्षा माझी चौकशी महत्त्वाची.

मंगळवारी क्लबच्या हॉलमध्ये सामन्याची फिल्म दाखवायचं ठरलं होतं. सरावाआधी दर आठवड्याला दाखवतात. मुलींना गाडीने सोडायला आलेले पालक मागच्या बाजूला कॉफी घेऊन उभे राहतात. मीही होते. कोचने बऱ्याच गोष्टी दाखवल्या, दोन-तीन जणींना झापलं, पोलिसवाल्या मुलीचं कौतुक केलं. मग ती चौथी संधी आली. त्याने चित्र थांबवलं.

"हे बघा," तो म्हणाला. पडद्यावर गार्ड आडवी निघाली होती आणि माझी मुलगी गुडघे वाकवून, हात पुढे घेऊन जागेवर उभी होती. नजर क्वार्टरबॅकवर. "गार्ड पलीकडे जातेय आणि ही थांबलीय. पेर्फेक्ट. संघात हे सगळ्यात अवघड काम आहे. महिनाभर मी हेच शिकवतोय, आणि ते हिला आलेलं आहे." त्याने चित्र एक पाऊल पुढे नेलं. पडद्यावरच्या हेल्मेटने एक झटका घेतला, कडेकडे. जिथे दांडा घेऊन मी उभी होते तिकडे. मग ती वळली आणि पळाली. कोचने चित्र मागे घेतलं, पुन्हा पुढे. मागे, पुढे. थांबलेली, वळलेली. थांबलेली, वळलेली. "तुला येत होतं," तो म्हणाला. "मग का सोडलंस?"

मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिची मान मागे वळली नाही. "जुनी सवय," ती म्हणाली. "तिघी असताना मी जायचे. माइन फेलर."

माझी चूक, म्हणाली. माझ्या हातात कॉफीचा कप होता आणि तोंड होतं. तेच तोंड, जे सभेत उघडलं होतं, मैदानावर उघडलं होतं, पंचापुढे खोटं बोलायला उघडलं होतं. तीस माणसांच्या त्या खोलीत फक्त आता ते उघडलं नाही. मी कॉफी प्यायले. कोचने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या चित्रावर गेला. सराव संपताना त्याने सांगितलं, दुसरी जागा बेकरीवालीला.

गाडीत बसल्या बसल्या मी सुरू झाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या कशा असतात ते माझ्याकडून ऐकायला हवं होतं. कसला हा कोच, मुलीला सगळ्यांसमोर चारदा मागे-पुढे करून दाखवतो. कसली ही पद्धत, एका मुलीच्या एका पावलावर सगळा संघ उभा. तीन लाइनबॅकर असत्या तर हे झालंच नसतं. हे शेवटचं मी दोनदा म्हटलं. आणि ते खरं होतं, म्हणून मला आणखी जोर चढला.

मुलीने माझं बोलणं संपू दिलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "आई, हेल्मेटमध्ये काहीच धड ऐकू येत नाही. प्रेक्षक, बेंच, कोच, सगळ्याचा एकच आवाज होतो. त्यात फक्त तुझा वेगळा ऐकू येतो. मी नको म्हटलं तरी येतो. मला तो ऐकायची सवय आहे, लहानपणापासून. तू ओरडलीस की मी विचार करत नाही, मी करते." मग म्हणाली, "म्हणून तू तिथे बोलू नकोस. कधीच नको."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला, मी काच खाली करून त्याला मराठीत एक शिवी दिली आणि गाडी पुढे काढली.

दोन दिवस मी स्वतःवर रागावले. दुसऱ्यांवरचा राग बोलून संपतो, हा बोलता येईना. ऑफिसात एका रिपोर्टमधल्या किरकोळ चुकीवरून मी एका सहकाऱ्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा माझी माफी मागून गेला. तिने माझ्यासाठी चूक अंगावर घेतली, मी मनात म्हणायचे. मला वाचवलं पोरीने. आणि मी कॉफी पीत उभी. मग मी ठरवलं, हे निस्तरायचं. गुरुवारी सरावाला तिला सोडल्यावर मी गाडी लावली, मुली मैदानाला फेऱ्या मारत असताना सरळ कोचकडे गेले आणि सांगून टाकलं. ओरडले मी. जुन्या पद्धतीचं ओरडले, कारण नवी मी ऐकूनच घेतली नव्हती. तिला येत होतं, तिने माझं ऐकलं. जागा काढायची तर माझी साखळीवरची काढा, तिची तिला परत द्या. हे मी पाठ करून आले होते.

कोचने ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "फिल्मला आवाज नाही, पण डोकं कुठे वळलं ते दिसतं. आणि तिथे कोण उभं होतं तेही."

"मग तिची जागा का घेतली?"

"कारण डोकं वळलं." तो हे रागाने म्हणाला नाही. "मला लांबच्या बाजूला न वळणारी मुलगी हवी आहे. आज तरी दुसरी वळत नाही. पण मंगळवारी तिने सगळ्यांसमोर स्वतःची चूक म्हटलं तेव्हा मी वहीत लिहिलं, ही लवकर परत येईल." त्याने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शिट्टी तोंडात घातली. बोलणं संपलं होतं.

तरी मला हलकं वाटत होतं. सराव संपून मुलगी गाडीत बसली, बॅग मागे फेकली, पाण्याची बाटली तोंडाला लावली. मी तिला सांगितलं. अभिमानानेच सांगितलं म्हणा ना. "मी कोचना सगळं खरं सांगून टाकलं. चूक माझी होती म्हणून. तू उगाच अंगावर घेतलीस, माझ्यासाठी."

तिने बाटली खाली घेतली. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेली शंभरदा पाहिली आहे, माझीच मुलगी आहे, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुला वाटलं मी तुझ्यासाठी बोलले?" आवाज चढला नव्हता, उतरला होता. "चुकलेली लाइनबॅकर चालते, आई. सगळ्याच चुकतात. आई ओरडली की पळणारी चालत नाही. मी नुसती चुकलेली आहे असं सांगितलं होतं. ते माझं उत्तर होतं. मला विचारलं होतं त्यांनी, तुला नाही. आणि तू जाऊन तेही बदललंस."

मी म्हटलं, "पण खरं ते..."

"खरं मला माहीत होतं. कोचना माहीत होतं. ते मला काही न बोलता बघत होते, मी काय म्हणते ते. आता मी त्यांच्यासमोर कोण आहे? जिची आई येऊन सांगते ती."

बाहेर बेकरीवाली मुलगी सायकलचं कुलूप काढत होती. तिने आमच्या गाडीकडे बघून हात हलवला. माझ्या मुलीनेही हात हलवला, हसली सुद्धा, आणि मग तो हात खाली आणून गाडीच्या दाराच्या मुठीवर ठेवला. म्हणाली, मी ट्रामने येते.

"अगं, असं काय करतेस? मी उद्या जाऊन त्यांना..." इतकं बोलून मी थांबले. माझ्या कानांनी ते ऐकलं तेव्हा थांबले.

ती वाट बघत होती. "उद्या काय करणार आहेस तू?"

"काही नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ. बरोबर," ती म्हणाली, आणि उतरून दार लावून घेतलं.